जुन्या मालिकेचा डीव्हीडी किंवा ब्लू-रे संच घेण्यापूर्वी तो कसा पारखावा

आवडत्या जुन्या मालिकेचा संपूर्ण संच बाजारात येणार अशी घोषणा झाली की चाहत्याची अपेक्षा साधी असते. पहिल्या प्रक्षेपणाच्या वेळी जे भाग पाहिले तेच भाग, तेवढ्याच लांबीचे, त्याच गाण्यांसह आणि त्याच चौकटीत, शक्य तितक्या स्वच्छ रूपात घरी असावेत, एवढेच त्याला हवे असते. प्रत्यक्षात डबा उघडल्यावर पुष्कळदा पदरी निराशा येते. ज्या गाण्यामुळे एखादा प्रसंग वर्षानुवर्षे लक्षात राहिला तेच गाणे गायब असते, पात्रांच्या कपाळावरून चित्र कापलेले असते, किंवा प्रत्येक भागातून दोन-तीन मिनिटे नाहीशी झालेली असतात. खोक्यावर मात्र यांपैकी कशाचाही ठळक उल्लेख नसतो. काही हजार रुपये खर्च करण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत, त्यांची उत्तरे कशी शोधावीत आणि सदोष संच हाती आलाच तर काय करावे, हे येथे मांडले आहे. उदाहरणे प्रामुख्याने अमेरिकी मालिकांची आहेत, कारण या विषयावरचे सर्वाधिक गाजलेले वाद तिथल्याच संचांवरून झाले आणि म्हणून त्यांचे तपशीलही आज उपलब्ध आहेत.

मालिका फिल्मवर चित्रित झाली की टेपवर

किंमत पाहण्याआधी हे शोधावे, कारण अपेक्षा किती ठेवायची ते यावरच ठरते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या निगेटिव्हमध्ये हाय डेफिनिशनला, म्हणजे १९२० बाय १०८० बिंदूंच्या चित्राला, पुरून उरेल एवढा तपशील असतो. थेट व्हिडिओ टेपवर चित्रित झालेल्या मालिकेत मात्र अमेरिकी पद्धतीच्या सुमारे ४८० किंवा युरोप आणि भारतातल्या पद्धतीच्या ५७६ रेषांपलीकडे काहीच नसते. ‘ऑल इन द फॅमिली’ किंवा ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ या मालिका टेपवरच्या आहेत, त्यामुळे त्यांच्या डीव्हीडीचे चित्र आजच्या मोठ्या पडद्यावर मऊ दिसते, ही निर्मात्याची हयगय नव्हे. अशा मालिकेची ‘एचडी’ आवृत्ती कोणी जादा किमतीला विकत असेल, तर ती यंत्राने फुगवलेली आहे एवढे समजून पुढे जावे.

सर्वात जास्त गैरसमज होतात ते तिसऱ्या प्रकाराबाबत. १९८० च्या दशकापासून अनेक अमेरिकी मालिका फिल्मवर चित्रित होत, पण ती फिल्म लगेच टेपवर उतरवून संकलन, विशेष दृश्ये आणि श्रेयनामावली हे सारे टेपवरच केले जाई. पूर्ण झालेल्या भागाची फिल्म अशी कुठे अस्तित्वातच नसे. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ (१९८७ ते १९९४) याच पद्धतीने झाली, आणि म्हणूनच २००२ मध्ये आलेल्या तिच्या डीव्हीडी टेपवरून काढाव्या लागल्या व त्यांचे चित्र धूसर राहिले. पुढे २०१२ ते २०१४ या काळात तिचे ब्लू-रे संच आले ते मूळ निगेटिव्हची हजारो रिळे गोदामांतून शोधून, प्रत्येक भागाचे संकलन जुन्या प्रतीशी ताडून पुन्हा पहिल्यापासून करून आणि फिल्मवर टिपलेल्या अंतराळयानांची दृश्ये नव्याने जोडून. काही सेकंदांची मूळ फिल्म सापडलीच नाही, तेथे टेपवरचे चित्र मोठे करून वापरले आहे, आणि ते तुकडे पाहताना बाकीचे काम किती मोठे होते हे डोळ्यांना आपोआप कळते. १७८ भागांसाठी असे काम कोणी केले, हे मला आजही विलक्षण वाटते.

त्याच कुळातल्या ‘डीप स्पेस नाइन’ आणि ‘व्हॉयेजर’ या मालिकांचे असे ब्लू-रे आजवर आलेले नाहीत. त्यांच्या पुढच्या पर्वांत संगणकावर तयार केलेली दृश्ये विपुल आहेत आणि ती त्या काळच्या टीव्हीपुरत्याच बिंदूंची असल्यामुळे नव्याने घडवावी लागतील. ‘नेक्स्ट जनरेशन’च्या संचांची विक्री अपेक्षेइतकी झाली नाही, हेही त्यामागचे कारण असल्याचे या क्षेत्रातल्या मंडळींनी सांगितले आहे. तेव्हा या दोन मालिकांची डीव्हीडी घेताना ‘चित्र असे का’ म्हणून त्रागा करण्यात अर्थ नाही. उपलब्ध आहे ते तेवढेच आहे.

वितरकाच्या निवेदनात ‘मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून नव्याने स्कॅन केलेले’ अशा अर्थाचे स्पष्ट विधान आहे का, ते पाहावे. नुसते ‘डिजिटली रीमास्टर्ड’ असे छापलेले असेल तर त्यावरून काहीच निश्चित होत नाही. परीक्षणांत दिलेली स्थिरचित्रे मूळ आकारात उघडून केस, कापडाची वीण आणि विटांच्या भिंती बारकाईने पाहाव्यात. फिल्मवरच्या चित्रात मुळातच दिसणारा बारीक रवा (ग्रेन) पूर्ण पुसला गेला असेल आणि चेहरे मेणाचे दिसत असतील, तर रवा काढण्याच्या नादात तपशीलही धुऊन निघाला आहे. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने चित्र मोठे करण्याची पद्धत आली आहे. तिची खूण म्हणजे मागच्या फलकांवरची अक्षरे विचित्र होणे आणि गर्दीतले लांबचे चेहरे वितळल्यासारखे दिसणे.

चौकट कोणती

जुना टीव्ही पडदा ४:३ या प्रमाणाचा होता, आजचा १६:९ आहे. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसू नयेत म्हणून जुने चित्र रुंद पडदाभर पसरवले, तर वरून-खालून मिळून त्याची एकचतुर्थांश उंची कापली जाते. दिग्दर्शकाने जे चित्र जुळवले होते त्यातला चौथा हिस्सा फेकून देणे ही मला या सगळ्या व्यवहारातली सर्वात अनाठायी गोष्ट वाटते, कारण हक्कांचा किंवा हरवलेल्या रिळांचा जसा काही इलाज नसतो तशी येथे कसलीच सक्ती नसते.

या बाबतीत ‘बॅबिलॉन ५’ या मालिकेचा इतिहास प्रत्येक ग्राहकाने जाणून घ्यावा असा आहे. १९९४ ते १९९८ या काळात तिचे ११० भाग प्रक्षेपित झाले. पुढेमागे रुंद पडद्याचे टीव्ही येतील हे ओळखून निर्मात्यांनी नटांची दृश्ये फिल्मच्या रुंद भागावर टिपून ठेवली होती, परंतु अंतराळातली संगणकीय दृश्ये खर्चाच्या मर्यादेमुळे त्या काळच्या ४:३ चौकटीपुरतीच तयार झाली. २००२ पासून डीव्हीडी आल्या त्या १६:९ मध्ये. नटांच्या दृश्यांना त्यामुळे बाजूंनी थोडी जास्तीची जागा मिळाली, पण अंतराळयानांची दृश्ये मात्र वरून-खालून कापून मोठी करावी लागली, म्हणजे ४८० रेषांपैकी जेमतेम ३६० रेषा उरल्या आणि त्याच ताणून पडदा भरला गेला. ज्या ज्या प्रसंगात नट आणि संगणकीय दृश्य एकाच चौकटीत होते, तिथेही हेच झाले. परिणामी एका वाक्यापुरते चित्र स्वच्छ, पुढच्या क्षणी धूसर आणि मग पुन्हा स्वच्छ, असा प्रकार पाचही पर्वांत चालू राहतो, आणि संगणकीय अंतराळदृश्यांसाठी जी मालिका नावाजली गेली तिची तीच दृश्ये सर्वात वाईट दिसतात. चाहत्यांनी ही तक्रार सुमारे दोन दशके लावून धरली. २०२१ मध्ये नव्याने सिद्ध केलेली ४:३ आवृत्ती ऑनलाइन उपलब्ध झाली आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये तीच ब्लू-रेवर आली. तिच्यात नटांची दृश्ये मूळ निगेटिव्हवरून नव्याने स्कॅन केलेली आहेत, तर संगणकीय दृश्ये आहेत त्या प्रतीवरून मोठी केलेली आहेत. डीव्हीडीतल्या रुंद चित्राची सवय झालेल्या काहींना या आवृत्तीत बाजूचे चित्र कमी झाल्याची खंत वाटते. माझे मत स्पष्ट आहे: प्रक्षेपण ज्या चौकटीत झाले ती हीच आणि संकलकाने ज्या चौकटीकडे पाहून कात्री चालवली तीही हीच, तेव्हा आज कोणी ही मालिका घेणार असेल तर त्याने जुन्या डीव्हीडी स्वस्तात मिळाल्या तरी घेऊ नयेत.

सर्वच रुंद आवृत्त्या त्याज्य असतात असे नाही. ‘द वायर’ ही मालिका २०१४ मध्ये १६:९ मध्ये रूपांतरित झाली, तेव्हा तिच्या निर्मात्याने त्या कामात स्वतः लक्ष घातले आणि कोठे लाभ झाला व कोठे हानी झाली हे जाहीरपणे लिहिले. याउलट ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ची रुंद एचडी आवृत्ती दूरचित्रवाणीवर दाखवली गेली, तेव्हा चौकटीच्या कडेला तंत्रज्ञ आणि उपकरणे दिसू लागली आणि रात्रीचे काही प्रसंग दिवसासारखे उजळ झाले, कारण मूळ प्रक्षेपणाच्या वेळी केलेला रंगसंस्कारच नव्या प्रतीवर झालेला नव्हता. ‘साइनफेल्ड’ २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आली तेव्हा रस्त्यावरच्या खड्ड्यावर बेतलेल्या भागात तो खड्डाच चौकटीबाहेर गेला होता, आणि त्यावर बरीच टीका झाली.

तपासण्याची रीत सोपी आहे. डब्याच्या मागच्या बाजूला प्रमाण छापलेले असते. मालिका १९९० च्या दशकातली किंवा त्याआधीची असून प्रमाण १.७८:१ किंवा १६:९ असेल, तर थांबून अधिक माहिती काढावी. नमुनादृश्यात माणसांचे डोके केसांच्या रेषेपाशीच कापले जाते का, श्रेयनामावलीतली अक्षरे कडेला चिकटतात का, हे पाहावे. घड्याळ किंवा चेंडू गोलाऐवजी अंडाकृती दिसत असेल तर चित्र ताणलेले आहे, मात्र तो दोष पुष्कळदा आपल्याच टीव्हीच्या मांडणीत असतो, म्हणून आधी ती मांडणी तपासावी. ‘फ्रीक्स अँड गीक्स’च्या २०१६ च्या ब्लू-रे संचात दोन्ही चौकटी दिल्या आहेत, आणि १९६६ च्या मूळ ‘स्टार ट्रेक’च्या ब्लू-रेमध्ये जुनी विशेष दृश्ये व नवी संगणकीय दृश्ये यांतून निवड करता येते. ग्राहकाला असा पर्याय देणारा संच दोन पैसे जास्त देऊनही घ्यावा.

गाणी तीच आहेत का

संगीत बदलण्यामागचे कारण समजले की राग थोडा कमी होतो, निराशा मात्र कमी होत नाही. दृश्यासोबत एखादे ध्वनिमुद्रित गाणे वापरायचे तर दोन वेगळ्या परवानग्या लागतात, एक गीत-संगीताच्या हक्कधारकाची आणि दुसरी त्या ध्वनिमुद्रणाच्या मालकाची. १९७० आणि १९८० च्या दशकांत हे करार करताना बहुधा फक्त प्रक्षेपणाचा आणि तोही ठरावीक मुदतीचा विचार होई, कारण संपूर्ण मालिका लोक घरी विकत घेऊन ठेवतील ही कल्पनाच तेव्हा नव्हती. संच काढायची वेळ आली की प्रत्येक गाण्यासाठी नव्याने बोलणी करावी लागतात, आणि जिथे मागितलेली रक्कम परवडत नाही तिथे दुसरी, बिनओळखीची धून बसवली जाते.

‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ (१९७८ ते १९८२) ही तर एका रेडिओ केंद्राचीच कथा. निवेदक कोणती तबकडी लावतो यावर तिथे विनोद आणि पात्रांचा स्वभाव, दोन्ही उभे असतात. २००७ मध्ये तिच्या पहिल्या पर्वाची डीव्हीडी आली ती बदललेल्या संगीतासह आणि काही प्रसंग कापून. चाहत्यांनी तिच्याकडे पाठ फिरवली ती योग्यच होती, असे मी म्हणेन. २०१४ मध्ये शाउट! फॅक्टरी या कंपनीने संपूर्ण मालिका काढली तेव्हा सगळी नसली तरी बरीचशी मूळ गाणी परत मिळवली होती. ‘मॅरिड... विथ चिल्ड्रन’च्या डीव्हीडीत तिसऱ्या पर्वापासून फ्रँक सिनात्राच्या आवाजातले शीर्षकगीतच नाहीसे झाले. ‘क्वांटम लीप’च्या दुसऱ्या पर्वाच्या अखेरच्या भागात एक पात्र आपल्या दुरावलेल्या पत्नीच्या आठवणीत रे चार्ल्सच्या गाण्यावर नाचते, आणि पहिल्या डीव्हीडीत तेच गाणे बदलले गेले. हा प्रसंग ज्याने मूळ रूपात पाहिला आहे त्याला तो नव्या धुनीवर पाहवत नाही, कारण तिथे सगळा भार त्या गाण्यावर आहे. ‘डारिया’च्या २०१० च्या संचातही बहुतेक गाणी बदलली आहेत. ‘द वंडर इयर्स’ मात्र १९९३ मध्ये संपूनही २०१४ पर्यंत संचाच्या रूपात आली नाही, त्याचे मुख्य कारण तिच्यातली असंख्य गाणी हेच होते. उशीर झाला, पण जवळजवळ सारे संगीत जागेवर आले.

खरेदीपूर्वी मालिकेतली संगीताला महत्त्व असलेली तीन-चार दृश्ये मनाशी ठरवून, त्या विशिष्ट दृश्यांबद्दलच परीक्षणांत काय लिहिले आहे ते शोधावे. ‘संगीत मूळ आहे’ असे मोघम विधान पुरेसे नसते. डब्याच्या मागे अगदी बारीक टायपात, काही भागांचे संगीत प्रक्षेपित आवृत्तीपेक्षा वेगळे असू शकते किंवा काही भाग मूळ प्रक्षेपणापेक्षा संपादित असू शकतात, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य असते. ऑनलाइन दुकानात मागच्या बाजूचे छायाचित्र दिलेले असल्यास ते मोठे करून हे वाक्य वाचावे. एकाच मालिकेच्या अमेरिकी आणि ब्रिटिश संचांत संगीत वेगळे असू शकते, कारण प्रत्येक देशातले वितरक आणि त्यांचे करार वेगळे असतात, म्हणून एका संचाबद्दलचे मत दुसऱ्याला लावू नये.

लांबी मोजताना घ्यायची काळजी

अमेरिकेत जुन्या मालिका पुनःप्रक्षेपणासाठी स्थानिक वाहिन्यांना विकल्या जात, तेव्हा जास्त जाहिराती बसवण्यासाठी प्रत्येक भागातून काही मिनिटे कापली जात. संच काढणाऱ्याच्या हाती तीच कापलेली प्रत लागली तर ग्राहकालाही तीच मिळते. ‘रोझॅन’च्या पहिल्या पर्वाची डीव्हीडी २००५ मध्ये अशाच प्रतींवरून निघाली आणि त्यावर इतकी नाराजी व्यक्त झाली की पुढच्या पर्वांसाठी मूळ लांबीच्या प्रती वापरल्या गेल्या. ढोबळ मानाने, तासाभराच्या मालिकेचा भाग १९६० च्या दशकात ५० मिनिटांच्या आसपास, १९८० च्या दशकात ४८ आणि १९९० च्या दशकात ४५ मिनिटांच्या आसपास असे. अर्ध्या तासाच्या मालिकेचा भाग याच काळात २५ मिनिटांवरून २२ मिनिटांपर्यंत आला. संचातल्या भागांची लांबी याहून लक्षणीय कमी असेल तर संशय घ्यावा.

मात्र ब्रिटिश किंवा भारतीय डीव्हीडी असेल तर एक हिशेब आधी करावा, कारण येथे पुष्कळांची गल्लत होते. फिल्म सेकंदाला २४ चौकटींच्या, म्हणजे सुट्या चित्रांच्या, गतीने चित्रित होते, तर आपल्याकडची पाल पद्धत सेकंदाला २५ चौकटी दाखवते. त्यामुळे फिल्मवरच्या मालिकेची पाल डीव्हीडी किंचित वेगाने धावते आणि ५० मिनिटांचा भाग एकही प्रसंग न कापता ४८ मिनिटांत संपतो. आवाजही अर्ध्या स्वरापेक्षा थोडा कमी, पण जाणवेल इतका चढतो, हे संगीताचा कान असलेल्या श्रोत्याला शीर्षकगीतातच जाणवते. डीव्हीडीवरच्या लांबीला २५ ने गुणून २४ ने भागावे आणि येणारा आकडा मूळ लांबीशी ताडावा. दोन्ही जुळले तर काही कापलेले नाही. उलट, अमेरिकी टेपवरची मालिका पालमध्ये आणताना लांबी बदलत नाही, पण हालचालींत चित्रावर चित्र पडल्यासारखी सावली दिसते. ब्लू-रेवर फिल्म सामान्यतः तिच्या मूळ २४ च्या गतीनेच येते, म्हणून ज्यांना ती वाढलेली गती खटकते त्यांनी ब्लू-रेच घ्यावी.

कधी निराशा उलट दिशेनेही येते. ‘फ्रेंड्स’च्या अमेरिकी डीव्हीडींत प्रक्षेपणात नसलेली जास्तीची दृश्ये होती, तर २०१२ च्या ब्लू-रेमध्ये भाग मूळ प्रक्षेपणाच्याच लांबीचे आले, आणि डीव्हीडीवर ती मालिका पाठ केलेल्यांना आपले आवडते संवाद गळाल्याचे वाटले. शिवाय तो ब्लू-रे १६:९ मध्ये आहे. अशा वेळी जुना संच विकून टाकण्याची घाई करू नये, दोन्ही जपून ठेवावेत.

भारतातून मागवताना

डीव्हीडीच्या जागतिक विभागणीत (प्लेअर सहसा आपल्याच विभागाच्या डिस्क चालवतो) भारत पाचव्या विभागात येतो, अमेरिका पहिल्या आणि ब्रिटन दुसऱ्या. ब्लू-रेच्या विभागणीत भारत ‘सी’ मध्ये, अमेरिका ‘ए’ मध्ये आणि ब्रिटन ‘बी’ मध्ये आहे. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कना असे विभागाचे बंधन नसते. अनेक ब्लू-रे संच सर्व विभागांत चालतील असे बनवलेले असतात, पण ते गृहीत न धरता त्या संचाच्या परीक्षणात तशी खात्री करून घ्यावी. भारतात विकले जाणारे प्लेअर आणि टीव्ही साधारणपणे अमेरिकी एनटीएससी आणि पाल या दोन्ही पद्धती दाखवतात. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना अडचण उलटी येते: भारतातून किंवा ब्रिटनमधून नेलेली पाल डीव्हीडी तिथल्या पुष्कळ प्लेअरवर चालतच नाही, म्हणून नातेवाइकांसाठी भेट नेण्यापूर्वी त्यांच्या प्लेअरची माहिती विचारून घ्यावी.

जुने, वापरलेले संच घेताना डिस्कच्या तळाकडे उजेडात पाहावे. ओरखडे दिसतात, पण आतल्या थराचा बिघाड दिसतोच असे नाही. वॉर्नर ब्रदर्सने २०२५ मध्ये मान्य केले की २००६ ते २००८ या काळात तयार झालेल्या त्यांच्या काही डीव्हीडी आपोआप निकामी होत आहेत. त्या काळातला त्यांचा संच कोणी विकत असेल तर परत करण्याची सोय असल्याखेरीज घेऊ नये. दोन्ही बाजूंना मजकूर असलेल्या डिस्कही शक्यतो टाळाव्यात, कारण त्या हाताळताना लवकर खराब होतात. एका डिस्कवर किती भाग कोंबले आहेत हेही मोजावे. दोन थरांच्या डीव्हीडीत साडेआठ गिगाबाइट मावतात, त्यात पाऊण तासाचे चार भाग नीट बसतात, सात-आठ भाग बसवले असतील तर अंधाऱ्या आणि वेगवान दृश्यांत चौकोनी ठिपके दिसणार हे निश्चित समजावे.

घोषणा होताच आगाऊ मागणी नोंदवण्याचा मोह आवरावा आणि संच बाजारात आल्यावर निदान दोन-तीन आठवडे थांबावे. ‘नेक्स्ट जनरेशन’च्या पहिल्या पर्वाच्या ब्लू-रेमध्येही, एवढे कष्ट घेऊन, काही भागांच्या ध्वनीत वेगवेगळ्या स्पीकरांना जाणाऱ्या वाहिन्यांची अदलाबदल झाली होती. ती चूक खरेदीदारांनीच दाखवून दिली आणि कंपनीने त्या डिस्क बदलून दिल्या. उशिरा घेणाऱ्याला दुरुस्त प्रत मिळण्याची शक्यता जास्त असते.

संच हाती आल्यावर

पार्सल उघडतानाचे अखंड चित्रीकरण करावे, कारण विक्रेते ते मागतात. परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी प्रत्येक डिस्क एकदा लावून पाहावी. संपूर्ण मालिका इतक्या दिवसांत पाहून होत नाही, म्हणून प्रत्येक भागाचा आरंभ, मध्य आणि अखेरची पाच मिनिटे तपासावीत, आणि आधी ठरवून ठेवलेली संगीताची दृश्ये पूर्ण पाहावीत. अडकणाऱ्या डिस्क बहुधा कडेच्या भागात अडकतात, आणि तो भाग एका थराच्या डिस्कमध्ये शेवटच्या, तर दोन थरांच्या डिस्कमध्ये बहुधा मधल्या प्रकरणांत येतो, तेव्हा मध्य आणि शेवट दोन्ही वगळू नयेत.

दोष आढळला तर तो छपाईचा आहे की मूळ प्रतीचा हे आधी ठरवावे. आपली तीच डिस्क दुसऱ्या प्लेअरवर नीट चालत असेल तर दोष प्लेअरचा, दुसऱ्या खरेदीदाराची तीच डिस्क नीट असेल तर दोष आपल्या प्रतीच्या छपाईचा, आणि सर्वांच्याच प्रतीत त्याच क्षणी तोच दोष असेल तर तो मूळ प्रतीतला. छपाईचा दोष विक्रेता बदलून देतो. मूळ प्रतीतला दोष असेल तर विक्रेत्याकडून दुसरी प्रत मागवण्यात वेळ जातो आणि हाती पुन्हा तेच येते, म्हणून तिथे थेट वितरक कंपनीला लिहावे.

त्या पत्रात संताप कमी आणि नोंदी जास्त असाव्यात. संचाचे पूर्ण नाव, बारकोड क्रमांक, डिस्कच्या आतल्या कड्यावर कोरलेला क्रमांक, भागाचे नाव, दोष सुरू होतो तो मिनिट-सेकंद, आपल्या प्लेअरचे नाव, आणि मूळ प्रक्षेपणात त्या जागी काय होते याचे नेमके वर्णन द्यावे. जुने प्रक्षेपण कोणी घरच्या व्हीएचएस टेपवर उतरवून ठेवले असेल तर त्यातले त्याच क्षणाचे स्थिरचित्र जोडावे, कारण कंपनीतल्या आजच्या कर्मचाऱ्याने मूळ प्रक्षेपण पाहिलेले असेलच असे नाही. शेवटी आपली मागणी एका वाक्यात लिहावी: डिस्क बदलून हवी, पैसे परत हवेत, की पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती हवी. भारतातल्या विक्रेत्याने दाद दिली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा आधार आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. बिल आणि विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार त्यासाठी जपून ठेवावा. परदेशी विक्रेत्याच्या बाबतीत हा मार्ग फारसा उपयोगी पडत नाही, तिथे परतीचे नियम खरेदीपूर्वीच वाचून ठेवावेत आणि परत पाठवण्याचा टपालखर्च कोण देणार हे विचारून घ्यावे.

चौकट कापलेली आहे किंवा गाणी बदललेली आहेत, ही तक्रार मात्र ‘सदोष माल’ या सदरात बसवणे अवघड जाते, विशेषतः डब्यावर ते बारीक वाक्य छापलेले असेल तर. म्हणून त्या दोन गोष्टींची सगळी चौकशी पैसे देण्यापूर्वीच करावी, आणि समाधान झाले नाही तर तो संच न घेता वितरकाला आपण का घेतला नाही हे कळवावे. ‘फ्रीक्स अँड गीक्स’ची डीव्हीडी २००४ मध्ये मूळ संगीतासह निघाली, त्यामागे चाहत्यांनी आधीपासून केलेली संघटित मागणी होती. किती लोक पूर्ण आवृत्तीसाठी पैसे मोजायला तयार आहेत हे कंपनीला आधी कळले, तर गाण्यांच्या हक्कांवर खर्च करण्याचा निर्णय तिला घेता येतो.